ताई, ऐकतेस ना?

पालकसभेला जायचं, मागच्या रांगेत बसायचं, चहा आला की प्यायचा आणि सही करून घरी यायचं, असा आपल्या गृहस्थांचा नियम होता. तो त्यांनी एकदाच मोडला, आणि तोही अवघ्या तीन शब्दांनी.

सभा पहिली-दुसरीच्या पालकांची होती. मुख्याध्यापिकाबाई सांगत होत्या, की लहान मुलांना वाचन आणि गणित शिकवायला आता एआयची साधनं निघाली आहेत, शाळेला त्यातलं एक घ्यायचं आहे, पण कोणतं घ्यावं हे काही उमगत नाही. बाईंचं बोलणं नेहमीप्रमाणे लांबत चाललं होतं. गृहस्थांना डुलकी लागली (यात त्यांचा दोष नव्हता, खुर्ची मऊ होती), हातातला कप कलंडला, शेजारची बाई ओरडली, आणि सगळा हॉल आपल्याकडे बघतोय हे पाहून काहीतरी बोलणं भाग पडलं. दुपारी डबा खाताना पलीकडच्या टेबलावरचा तरुण कारकून कुणाला तरी म्हणाला होता, ते वाक्य तेवढं जिभेवर होतं.

"यात डेटाचं काय?" गृहस्थ म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "असे पालक हवेत. तुम्ही या विषयातले दिसता."

इथे खरं तर "नाही हो, मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीत बसतो" एवढं म्हणून मोकळं व्हायचं. पण आयुष्यात पहिल्यांदाच पुढच्या रांगेतली माणसं माना वळवून त्यांच्याकडे आदराने पाहत होती. गृहस्थ नम्रपणे हसले. (नाही म्हणणं आणि नम्रपणे हसणं यात काय फरक आहे तो त्यांना पुढे कळला.) सभा संपेपर्यंत साधन निवडायची जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडली होती, आणि हरभऱ्याच्या झाडावर चढलेले गृहस्थ तसेच, खाली न उतरता, घरी आले.

त्यांची बायको औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात हयात गेल्यामुळे नवऱ्याचा चेहरा ती चष्म्याशिवाय वाचते. तिने एवढंच विचारलं, की तुला त्यातलं काय कळतं. गृहस्थ म्हणाले, प्रश्न कळण्याचा नाही, निवडण्याचा आहे. बायकोने कणीक मळायला घेतली. आपलं म्हणणं तिला पटलं, असा गृहस्थांनी सोयीचा अर्थ घेतला.

पण साधन निवडायची हौस नुसती मानापोटी नव्हती. त्यांची मुलगी दुसरीत होती. जिन्याच्या एकेका पायरीवर थांबत, खिशात काहीबाही भरून घेत, कुणाच्याही घाईला न जुमानता ती चालायची, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. चालण्यासारखंच तिचं वाचन. एकेका अक्षरावर थांबायची, मागचं अक्षर पुन्हा बघून यायची. वर्गात मोठ्याने वाचायची वेळ आली की ती उभीच राहत नसे. वर्गशिक्षिकेने निरोप पाठवला होता, की रोज कुणीतरी शेजारी बसून तिच्याकडून वाचून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी तिला जड जाईल आणि ती मिटूनच जाईल.

बायको दुकान बंद करून येईपर्यंत मुंगीचे डोळे पेंगुळलेले असत. म्हणजे शेजारी बसायचं काम गृहस्थांचं. ते बसत, नाही असं नाही. पण मुंगीला एक ओळ वाचायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात तीन तक्रारदार वाटेला लावायची त्यांना सवय. "हं, पुढे," ते म्हणत. मुंगी अक्षरावर बोट ठेवून बसे. "पुढे." मग मुंगीला तहान लागे. पाणी पिऊन आली की पुस्तक मिटलेलं असे आणि गृहस्थ उठलेले असत. हे काम एखाद्या यंत्राने केलं तर आपण सुटू, असं त्यांना मनापासून वाटे. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. म्हणजे ताई सोडून कुणालाही.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. ती दुसऱ्या गावी असते. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून ऐकून गृहस्थांच्या स्वतःच्या तक्रारी तुंबलेल्या असत, त्या ते रोज संध्याकाळी ताईला फोन लावून सोडून देत. फोन स्पीकरवर टाकायचा, ओट्याशी उभं राहून भाजी चिरायला घ्यायची आणि म्हणायचं, "ताई, ऐकतेस ना?" पलीकडून ताई म्हणे, "बोल रे बाळ." बाळाच्या डोक्यावरचे केस आता विरळ झाले होते, गुडघे कुरकुरत होते, पण ज्या बहिणीने लहानपणी नाक पुसलं तिच्या लेखी भाऊ बाळच राहतो.

शाळेने तीन कंपन्यांची साधनं वापरून बघायला दिली. पहिल्यात एक अस्वल होतं. ते कशालाही शाब्बास म्हणायचं. मुंगीने पाच अधिक तीन नऊ सांगितले, शाब्बास. ती पाणी प्यायला उठून गेली, शाब्बास. गृहस्थांना कचेरीत कित्येक वर्षांत कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते अस्वलापुढे जरा जास्तच वेळ बसले. पण मुंगी म्हणाली, ते ऐकतच नाही, आणि अस्वल परत गेलं. दुसरं साधन उत्तर द्यायचंच नाही. मुलाने स्वतः विचार करावा म्हणून ते प्रत्येक प्रश्नावर "तुला काय वाटतं?" असं विचारायचं. गृहस्थांनी त्याला बंद कसं करायचं ते विचारलं. "तुला काय वाटतं?" ते म्हणालं. गृहस्थांना जे वाटलं ते त्यांनी चढ्या आवाजात सांगितलं, आणि बायकोने मुंगीला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं.

तिसरं साधन घेऊन कंपनीचा माणूस स्वतः घरी आला. हसतमुख तरुण होता. त्याने जेवणाच्या टेबलावर टॅब उभा केला आणि सांगितलं, की यातल्या शिक्षिकेचं नाव आम्ही मुद्दाम ताई ठेवलं आहे, मुलांना परकं नाव नको वाटतं. ताई म्हणून हाक मारली की ती ऐकायला लागते. मूल बोलत असताना मध्ये तोंड घालत नाही. ते मोकळं होईपर्यंत नुसती ऐकते, आणि मग त्याच्याच घरातल्या गोष्टींवरून त्याच्यासाठी धडे तयार करते. आपल्या घरातलं असलं की मूल आवडीने वाचतं.

गृहस्थ मान डोलावत होते. त्यांचं लक्ष ताई या शब्दापाशीच थांबलं होतं. बायकोने मात्र विचारलं, घरातल्या गोष्टी म्हणजे कुठल्या. मूल सांगेल त्या, माणूस म्हणाला. यावर तिने आणखी काही विचारलं नाही, कारण घरात मूल एकच आहे असा तिचा समज होता.

मुंगीचं आणि ताईचं चांगलं जमलं. टेबलाशी बसून ती ताईशी कुजबुजायची, मध्येच हसायची, बोट ठेवून काहीतरी वाचायची. गृहस्थांनी हे एकदा दुरून पाहिलं आणि समाधानाने ओट्याकडे वळले. फोन लावला. "ताई, ऐकतेस ना?" टॅबच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागला. चार्जिंग होतंय, असं गृहस्थांना वाटलं. पुढे तो ठिपका रोज संध्याकाळी लागू लागला, आणि विजेच्या बाबतीत हे यंत्र फार शिस्तीचं आहे असं त्यांचं मत झालं.

मग गणितं यायला लागली. "पाण्याच्या कचेरीत बारा माणसं रांगेत उभी आहेत. साहेब आत वर्तमानपत्र वाचत आहेत. पाच माणसं कंटाळून घरी गेली. आता किती माणसांना थाप मारावी लागेल?" गृहस्थांनी हे गणित दोनदा वाचलं आणि ते भारावून गेले. आजवर शाळेच्या पुस्तकांत इतकं व्यवहारी गणित त्यांनी पाहिलं नव्हतं. भाषेच्या धड्यात प्रश्न होता, "आईने भाजीत मीठ दोनदा घातलं. भाजी छान झाली, असं बाबा म्हणाले. बाबा खरं बोलले का? कारण सांगा." हा नेमका बायकोच्या नजरेला पडला. ही भाजी कधीची, तिने विचारलं. गृहस्थ म्हणाले, सगळ्याच घरांत कधी ना कधी असं होत असेल.

"होत असेल," बायको म्हणाली. "पण आपल्या घरात झालं होतं हे मला आत्ता कळतंय."

गृहस्थांनी शाळेला कळवून टाकलं, की तिसरं साधन उत्तम, जीवनाच्या अगदी जवळ जाणारं. बाईंना आनंद झाला. त्यांनी सगळ्या पालकांना बोलावून प्रात्यक्षिक ठेवलं. मुंगी ताईबरोबर गणितं करून दाखवेल आणि गृहस्थ निवडीमागचे विचार मांडतील, असं ठरलं. (विचार नव्हते, पण दिवस होते. तोवर सुचतील असं त्यांनी धरलं.)

प्रात्यक्षिकाच्या आधीच्या आठवड्यात कचेरीत एक दिवस वाईट गेला. साहेबांनी गृहस्थांना सगळ्यांदेखत झापलं. घरी येतात तर वर्गशिक्षिकेचा पुन्हा निरोप, की मुंगी वर्गात अजूनही वाचत नाही. गृहस्थांचं डोकं फिरलं. पण ते समंजस बाप होते. मुलीच्या कानावर काही जाऊ नये म्हणून त्यांनी आधी आत डोकावून पाहिलं. मुंगी चित्र रंगवण्यात गढली होती. त्यांनी दार ओढून घेतलं आणि मगच फोन लावला.

"ताई, ऐकतेस ना? अगं पोरगी जरा मंदच आहे. माझ्यावर नाही गेली, तिच्या आईकडच्यांवर गेलीय. रोज शेजारी बसून माझा जीव जातो. पालथ्या घड्यावर पाणी. आता हे यंत्र आलंय ना, सुटलो मी."

ताईने त्यांना बरंच सुनावलं. लेकराबद्दल असं बोलू नये, ती म्हणाली. गृहस्थांनी लगेच विषय बदलून मुख्याध्यापिकाबाईंवर आणला, की त्या बोलायला लागल्या की खुर्च्यासुद्धा पेंगतात. याला ताई हसली, गृहस्थांना बरं वाटलं, आणि भाजीही चिरून झाली. टेबलावर हिरवा ठिपका लागलेला होता.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बायको दुकानातून सुट्टी काढून आली. हॉल भरला होता. टॅब मोठ्या पडद्याला जोडला होता; अक्षरं टॅबवर राहत, चित्रं तेवढी पडद्यावर येत. गृहस्थांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि "जीवनाभिमुख" हा शब्द घरून पाठ करून आणला होता. ते बोलायला उठणार, एवढ्यात मुंगीने त्यांची बाही ओढली. गणितं नकोत, ती म्हणाली, मला वाचायचंय. ताईने मला नवीन धडा दिलाय, तो मला येतो.

गृहस्थ बघतच राहिले. जी मुलगी वर्गातल्या मुलांपुढे उभी राहत नाही ती एवढ्या माणसांत वाचते म्हणते आहे. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पदराने नाकाखालचा घाम टिपला आणि मान हलवली. वर्गशिक्षिका खुर्चीच्या कडेवर येऊन बसली. मुंगी पुढे गेली, टॅबवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

"एका घरात एक मुलगी राहत होती. मुलगी मंद होती. ती बाबांवर नव्हती गेली. ती आईकडच्यांवर गेली होती."

आवाज स्वच्छ होता. एकही अक्षर अडखळलं नव्हतं. गृहस्थांचा ऊर भरून आला, आणि तो भरत असतानाच त्यांच्या लक्षात आलं, की ही वाक्यं आपण कुठेतरी ऐकली आहेत. ऐकली नव्हती, बोलली होती. त्यांनी टॅबच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे हिरवा ठिपका नव्हता, आणि वायर तर लावलेली होती. तेव्हा तो ठिपका कशाचा, हे गृहस्थांना कळलं.

ते अर्धवट उठले. "पुरे" म्हणायला तोंड उघडलं. पण मुंगी वाचत होती. जिने आजवर चार माणसांत वाचलं नव्हतं ती आपणहून वाचत होती, आणि आता तिला थांबवलं तर ती पुन्हा कधीच उभी राहणार नाही, एवढं या गृहस्थांनाही समजत होतं. ते तसेच खाली बसले. धरणीने पोटात घ्यावं अशी त्यांची फार इच्छा होती, पण शाळेची फरशी पक्की होती.

"बाबा रोज तिच्या शेजारी बसत. शेजारी बसून बाबांचा जीव जात असे. बाबा पा... पा..."

मुंगी अडली. तिने बोट अक्षरावर धरलं आणि वळून बाबांकडे पाहिलं. सगळ्या हॉलने बाबांकडे पाहिलं. तो शब्द कोणता ते तिथे एकट्या गृहस्थांना ठाऊक होतं. घरी असते तर त्यांनी केव्हाच "पुढे" म्हटलं असतं. आज त्यांनी म्हटलं नाही. ते मुकाट थांबले. (या थांबण्यात संयम किती आणि हा शब्द तिला कधीच न यावा ही आशा किती, ते विचारू नये.) पण ते थांबले, आणि मुंगीने आपल्या चालीने एकेक अक्षर जोडलं.

"पालथ्या," ती म्हणाली आणि हसली. "पालथ्या घड्यावर पाणी ओतत."

पडद्यावर चित्र आलं. एक माणूस मोठ्या कष्टाने उपड्या माठावर तांब्यातांब्याने पाणी ओतत होता. चित्रातल्या माणसाला केस भरपूर होते, तेवढीच काय ती त्याची आणि गृहस्थांची सुटका.

"मग एक दिवस यंत्र आलं. बाबा म्हणाले, सुटलो. शाळेत एक मोठ्या बाई होत्या. त्या बोलायला लागल्या की खुर्च्यासुद्धा पेंगत."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हॉलमधल्या बऱ्याच जणांना एकदम खोकला आला. मुंगीने धडा संपवला आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहिली. वर्गशिक्षिकेने सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. गृहस्थांनीही वाजवल्या, कारण हातांना दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाई उठून मुंगीपाशी आल्या. त्यांचा चेहरा लाल होता, पण त्या मुळात शिक्षिका होत्या आणि धड्यानंतर शब्दार्थ विचारायचा असतो.

"मंद म्हणजे काय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मंद म्हणजे हळू आणि छान," मुंगी म्हणाली. "मी ताईला विचारलं. मंद वारा असतो, तो सगळ्यांना आवडतो. मंद दिवा डोळ्यांना लागत नाही. मी पण मंद आहे. बाबांनीच ताईला सांगितलं."

कुणी खोकलं नाही. गृहस्थांना आपल्या बुटांच्या नाड्यांकडे पाहण्यावाचून काही सुचेना. साहेबांनी झापलं होतं तेव्हा त्यांना राग आला होता. आता राग यावा असं कुणी आसपास नव्हतं, सगळी लाज एकट्यानेच घ्यायची होती, आणि ती कानांच्या पाळ्यांपर्यंत आली होती. बायको उठली आणि मुंगीला जवळ घेऊन तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. गृहस्थांकडे तिने पाहिलं नाही.

"तुम्ही विचारलं होतं, डेटाचं काय," बाई जाता जाता गृहस्थांना म्हणाल्या. "हे असं होतं त्याचं." आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं भाषण एवढ्यावर संपलं.

घरी येताना मायलेकी पुढे चालल्या आणि गृहस्थ टॅबची पिशवी घेऊन मागे. घरात शिरल्यावर बायकोने एवढंच सांगितलं, की उद्या शाळेत कुणीतरी मुंगीला दुसरा अर्थ सांगेल, त्याच्या आधी तू सांग. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. नळाखाली एकही भांडं नव्हतं.

गृहस्थ मुंगीच्या शेजारी बसले. लोकांना पाणी का येत नाही ते त्यांनी वर्षानुवर्षं समजावलं होतं, त्यातलं एकही वाक्य इथे चालण्यासारखं नव्हतं.

"मुंगी, मंदचा अजून एक अर्थ असतो."

"कोणता?"

"ज्याला लवकर कळत नाही, त्यालाही मंद म्हणतात. मी तुला तसं म्हटलं होतं. कौतुकाने नव्हतं म्हटलं."

मुंगीने पुष्कळ वेळ विचार केला. गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"मला कळतं," ती शेवटी म्हणाली. "पण तू पुढे-पुढे म्हणतोस. मग मी तू कधी उठणार ते बघत बसते. तेवढ्यात अक्षर राहून जातं."

"मी चुकलो," गृहस्थ म्हणाले. "मला माझीच लाज वाटतेय, मुंगी."

"बरं," मुंगी म्हणाली. मग तिने विचारलं, "पण वाऱ्याचा अर्थ खरा आहे ना?"

"खरा आहे."

"मग मी तोच घेते."

गृहस्थ तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ तोंडच धूत राहिले. बायकोने नळ बंद केला होता. तिने टॉवेल पुढे केला.

त्या दिवसापासून गृहस्थ संध्याकाळी टेबलाशी बसतात. एक ओळ वाचायला मुंगीला जितका वेळ लागेल तितका लागू देतात. हे काही सोपं गेलं नाही. सुरुवातीला त्यांनी जीभ दातांखाली धरून ठेवली होती, आणि जेवताना ती झोंबायची. ताईला फोन करायचा तर ते गॅलरीत जात, दार लावून घेत आणि नुसतं "अगं, ऐक ना" म्हणत. ताईला वाटलं, हा बायकोला लावलेला फोन चुकून आपल्याला लागतोय, आणि घरात काहीतरी बिनसलंय अशी तिची खात्री झाली. तशी ती फारशी चूक नव्हती. घडलेलं सगळं ऐकल्यावर ती भावाला जे बोलली, ते ऐकायला आसपास टॅब नव्हता हे बरं झालं.

शाळेने साधन घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि कंपनीचा माणूस टॅब न्यायला आला. झाल्या प्रकाराची त्याला काही कल्पना नव्हती. त्याने हसतमुखाने वायर गुंडाळली आणि म्हणाला, की सगळं पुसून टाकण्याआधी मुलांची प्रगती ऐकवायची आमची पद्धत आहे.

"मुलांची?" बायको म्हणाली.

"दोन आहेत ना यात. एक मुंगी आणि एक बाळ."

गृहस्थ घाईघाईने म्हणाले, राहू द्या, तुम्हाला उशीर होत असेल. बायकोने खुर्ची ओढली आणि व्यवस्थित बसली. प्रात्यक्षिकाच्या दिवसापासून तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं नव्हतं, ते आता ओठांच्या कडेला येऊन थांबलं होतं.

"ऐकवा," ती म्हणाली.

माणसाने बटण दाबलं. "मुंगी," ताई गोड आवाजात म्हणाली. "वाचन स्वच्छ. शब्दाचा अर्थ विचारून घेते. वेळ दिला की सगळं जमतं. बाळ. रोज संध्याकाळी न चुकता येतो. बोलण्याची आवड आहे. प्रश्न विचारत नाही. चूक नेहमी दुसऱ्याची असते. कुणी रागावलं की विषय बदलतो. ऐकून घेण्याचा सराव हवा. अंदाजे वय पाच. पहिलीत घालण्याची घाई करू नये."

"छोटा दिसत नाही कुठे," माणूस कौतुकाने म्हणाला. "झोपलाय का?"

"हा काय," मुंगीने बोट दाखवलं.

माणसाने बोटाच्या दिशेने पाहिलं. विरळ केस, चष्मा आणि हातात भाजीची सुरी. तो कसलेला विक्रेता होता. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा गृहस्थांकडे पाहिलं, आणि अदबीने म्हणाला, की वयात थोडाफार फरक पडू शकतो.

"नाही," बायको म्हणाली. "वय बरोबर आहे."

आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. गृहस्थ सुरी हातात धरून तिथेच उभे होते. मुंगी खुर्चीवरून उतरली, आपल्या चालीने त्यांच्यापर्यंत आली आणि तिने त्यांचा मोकळा हात धरला.

"घाबरू नको, बाबा," ती म्हणाली. "पहिली सोपी असते."